डिकीतला कंडेन्सर

आमच्या बेल्यात गाडीला साउंड सिस्टीम बसवलेला माणूस माझ्या दुकानात येतो तो बहुधा इलाज ठरवूनच. "भाऊ, बफर वाजला की हेडलाइट लपलप करून राह्यले. कंडेन्सर टाकून द्या ना." बफर म्हणजे सबवूफर. आदिलाबादहून जैनथमार्गे कोरपन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. दारासमोर चंद्रपूरची एमएच ३४, यवतमाळची एमएच २९, आपल्या इकडची जुनी एपी ०१, नंतरची टीएस ०१ आणि २०२४ पासूनची टीजी ०१, अशा सगळ्या पाट्या उभ्या राहतात. पाटी कोणतीही असो, मागणी तीच: एक फॅरडचा, निळे आकडे दाखवणारा चकचकीत कंडेन्सर.

ही श्रद्धा कुठून आली ते मला ठाऊक आहे. इथला शेतकरी कंडेन्सर ओळखतो तो विहिरीवरच्या सिंगल फेज मोटरमुळे. मोटर नुसती घुमते, फिरत नाही. कंडेन्सर बदलला की पाणी सुरू. असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला गाडीतही तोच उपाय सुचणार, यात नवल नाही. पण मोटरला एसी करंट असतो आणि तिथला कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगचा करंट पुढे सरकवून तिला फिरण्याची दिशा देतो. गाडीत डीसी. इथे कंडेन्सरकडे एकच काम उरतं, थोडी वीज साठवायची आणि क्षणात सोडायची. वीज तयार करणं त्याच्या हातात नाही.

ती साठवण किती, हे मी गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. एक फॅरडचा कंडेन्सर १३.८ व्होल्टवरून १२ व्होल्टपर्यंत उतरला तर साधारण २३ ज्यूल देतो. बासच्या ठोक्याला अँप्लिफायर, म्हणजे अँप, हजार वॅट ओढत असेल, तर एकट्या कंडेन्सरच्या जोरावर तो सेकंदाचा जेमतेम चाळिसावा-पन्नासावा हिस्सा चालेल. ४० हर्ट्‌झच्या बासची एक लहरसुद्धा तेवढ्यात पुरी होत नाही. शेजारी ३५ अँपिअर-अवरची साधी बॅटरी ठेवली, तर तिच्यात पंधरा लाख ज्यूल असतात. आकडे शेजारी शेजारी लिहिले की बरीचशी मंडळी गप्प होऊन कागदाकडे बघत राहतात.

मग दिवे का मंदावतात? माझ्या हातातून गेलेल्या बहुतेक गाड्यांत वीज वाटेतच संपत होती. मीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर लावायचा, मग अँपच्या टर्मिनलवर, दोन्ही वेळा गाणं तेच आणि आवाज तेवढाच. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वायरने आणि अर्थिंगने खाल्लेले व्होल्ट. दहा स्क्वेअर मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची वायर ८० अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट खाते, पंचवीस स्क्वेअरची ०.३ च्याही आत. शिवाय बाजारात तांब्याच्या नावाखाली पुष्कळ वायर अशी येते की तिच्यावर तांब्याचा मुलामा आणि पोटात अ‍ॅल्युमिनियम. टोक सोलायचं, एक तार वेगळी काढून ब्लेडने हळूच खरवडायची. लाल रंग दोन-चार घासांत निघून खाली पांढरं दिसलं, की समजायचं. तसल्या वायरीत नुकसान दीडपटीहून जास्त. अर्थिंगची गत त्याहून वाईट. पत्र्याच्या रंगावरच वायरीची लग आवळून ठेवलेली असते. रंग घासून पत्रा उघडा करायचा, लग नीट दाबून बोल्ट घट्ट करायचा, वरून ग्रीस. अर्ध्या तासाचं काम, आणि पुष्कळदा लपलप तिथेच थांबते.

बॅटरीच्या टर्मिनलवरच व्होल्ट कोसळत असतील तर गोष्ट वेगळी. मग बॅटरी म्हातारी झालेली असते, बेल्ट ढिला असतो, नाहीतर अल्टरनेटर त्या भाराला पुरत नसतो. उभ्या गाडीत इंजिन मंद चालत असताना तो पूर्ण करंट देतच नाही. त्यात एसी, पंखा, दिवे. सरासरी भारच जास्त असेल तर कंडेन्सरही त्याच अल्टरनेटरकडून भरून घेणार. गिऱ्हाइकाचे पैसे अशा जागी घालायला माझा हात धजत नाही, दुकानात माल पडून असला तरी.

तरीही कंडेन्सर निरुपयोगी आहे असं मी कधी म्हणणार नाही. इंजिन चालू असताना सिस्टीम १४ व्होल्टच्या आसपास असते, आणि बॅटरी खऱ्या अर्थाने करंट द्यायला लागते ती व्होल्ट १२.६ च्या जवळ उतरल्यावर. या मधल्या पट्ट्यात, अल्टरनेटर सावरेपर्यंतच्या क्षणात, कंडेन्सर कामाचा. वायर जाड, अर्थिंग चोख, बॅटरी धडधाकट, अल्टरनेटर पुरेसा, आणि तरी ढोलाच्या ठोक्याला दिवे किंचित लवतात, अशा गाडीला मी तो आनंदाने बसवतो. अँपच्या अगदी जवळ, वायर हातभराच्या आत. मात्र उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याला चिकटवून नाही. इकडच्या वैशाखात बंद डिकी भट्टीसारखी होते आणि उष्णता कंडेन्सरचं आयुष्य भराभर खाते.

बसवण्याआधी माल पारखून घ्यावा, कारण वेष्टनावरचा फॅरड आणि आतला फॅरड जुळेलच असं नाही. पूर्ण रिकामा कंडेन्सर ३० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून १२.६ व्होल्टच्या बॅटरीला जोडायचा, डोळा घड्याळावर. खरा एक फॅरड असेल तर तीस सेकंदांनी मीटर आठ व्होल्टच्या आसपास दाखवतो. दहाच सेकंदांत आठ गाठले, तर आत एक तृतीयांशच आहे. तो परत करायचा. पहिल्यांदा चार्ज करताना थेट तार टेकवली तर ठिणगी उडून टर्मिनलला खड्डा पडतो. मधे इंडिकेटरचा बल्ब घालायचा: तो लख्ख पेटतो, मग तांबूस होत विझतो. बल्ब पूर्ण विझला की वायर जोडायची. काढतानाही तोच बल्ब दोन टोकांवर धरून कंडेन्सर रिकामा करायचा, आणि मगच पान्याला हात लावायचा.