शाई, सही आणि बाबा

माझा स्वतःचा चेक माझ्याच सहीमुळे परत आला, तेव्हा आधी हसूच आलं. परत येण्याचं कारण छापलं होतं, ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’. म्हणजे साध्या मराठीत, बाई गं, ही सही काही तुझी नाही! बँकेतल्या मॅडमनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. कॉलेजच्या फर्स्ट इयरला अकाउंट उघडताना केलेली सही तिथे होती. गोल, टपोरी, शेवटच्या अक्षराला मस्त शेपूट. आणि शेजारी चेकवरची आत्ताची सही. ईसीजी काढल्यासारखी दोन वेडीवाकडी वळणं.

“लिहायची सवय सुटली वाटतं?” मॅडम सहज म्हणाल्या.

सवय सुटली? अहो, मी पत्रकार आहे! दिवसाला हजार-दीड हजार शब्द पाडते. पण सगळे लॅपटॉपवर. इंटरव्ह्यू मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, वाण्याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, वाढदिवसाच्या शुभेच्छा तर फॉरवर्डच. हातानं शेवटचं आख्खं पान कधी लिहिलं होतं? खूप आठवून बघितलं. बहुतेक मासकॉमच्या शेवटच्या पेपरला. म्हणजे झाली की सहा-सात वर्षं!

खरं तर त्या दिवसांत हसण्यासारखं फारसं काही नव्हतंच. पुण्यात ज्या मासिकात नोकरी करत होते ते बंद पडलं. रूमचं भाडं परवडेना, म्हणून बॅग भरून मी कोल्हापूरला परत आले आणि घरून फ्रीलान्सिंग सुरू केलं. आईला आनंद झाला. बाबांना नाही. बाबांनी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात एका खुर्चीवर बत्तीस वर्षं काढली. एक तारखेला पगार होतो ती नोकरी, बाकी सगळं ‘उद्योग’, हा त्यांचा साधा फंडा. कुणी पाहुण्यांनी विचारलं, “पोरगी काय करते?” की बाबा म्हणायचे, “सध्या घरीच असते.” मी आतल्या खोलीत डेडलाइनशी झटापट करत असायची, आणि मी म्हणे ‘घरीच असते’! एकदा त्यावरून कडकडीत भांडण झालं. त्यानंतर आमच्यात बोलणं उरलं ते फक्त ‘जेवलीस का’ आणि ‘गॅस बंद केलास का’ एवढंच.

महाद्वार रोडवरची खरेदी

बँकेतून निघाले ती तडक महाद्वार रोडवरच्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात. वही आणि पेन आणायचं, रोज एक पान लिहायचं, सही सुधारायची, असा प्लॅन. काउंटरवरच्या काकांनी बॉलपेनांचा डबा पुढे सरकवला. मी दोन-तीन घासून बघितली. काका माझ्या हाताकडे बघत म्हणाले, “लई दाबून लिहितीस गं पोरी. शाईचं घे की एखादं.”

साठ रुपयांचं निळं प्लॅस्टिकचं पेन आणि शाईची एक बाटली. पिझ्झाच्या एका स्लाइसच्या भावात एक छंद सुरू होतो, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

काकांचं म्हणणं खरं होतं, हे नंतर कळलं. बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट असते. टोकावरची गोळी कागदावर फिरवायची तर दाब द्यावाच लागतो. शाईच्या पेनात दाबाचं कामच नाही. दिव्याच्या वातीत तेल जसं आपोआप चढतं, तशीच पातळ शाई निबेखालच्या बारीक खाचांतून आणि निबेच्या चिरेतून टोकापर्यंत येते. कागदाला टोक नुसतं टेकलं की कागद ती ओढून घेतो. जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा आत जायला हवी, नाहीतर पेन मध्येच बंद पडणार. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमननं 1884 मध्ये पेटंट घेतलं ते शाई आणि हवेचं हेच गणित जमवणाऱ्या पेनाचं.

अर्थात हे सगळं ज्ञान मला पहिल्या आठवड्यात नव्हतं. पहिल्या आठवड्यात मला फक्त निळी बोटं होती.

“गरम पाणी घालू नकोस!”

चौथ्या दिवशी पेनानं दगा दिला. लिहिता लिहिता निबेतून टपकन मोठा थेंब पडला. अर्धं पान निळं, माझा नवाकोरा पांढरा कुर्ता निळा. मी वैतागून पेन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि धुवायला गॅसवर पाणी ठेवलं. तेवढ्यात मागून आवाज आला, “गरम पाणी घालू नकोस! वाकडं होईल ते.”

बाबा. तीन आठवड्यांत जेवण आणि गॅस सोडून बोललेलं पहिलं वाक्य.

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. सराईतपणे फिरवून उघडलं, उजेडात धरलं. “किती शाई होती आत?”

“थोडीशी. तळाला.”

“मग गळणारच. वर सगळी हवा भरलीय. हाताची ऊब लागली की हवा फुगते आणि शाईला खाली ढकलते. तिसरा हिस्सा उरला की भरून घ्यायचं, नाहीतर रिकामं करून ठेवायचं.” मग निब आणि तिच्याखालची ती काळी पट्टी (बाबा तिला ‘जीभ’ म्हणतात) हलक्या हातानं ओढून काढली, नळाच्या साध्या पाण्याखाली धरली, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यावर टिपली आणि परत बसवली. फार तर पाच मिनिटं लागली. शेवटी बाजूच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी काहीतरी लिहून बघितलं. मी वाकून पाहिलं. ‘श्री’. इतका देखणा ‘श्री’, की मी त्या कुर्त्याचं दुःख विसरले.

मला माझ्या वडिलांचं अक्षर माहीत नव्हतं, मंडळी. म्हणजे प्रगतिपुस्तकावरची सही माहीत होती. पण बाबा लिहिताना कसे दिसतात, हे अठ्ठावीस वर्षांत नीट बघितलंच नव्हतं.

त्या रात्री त्यांनी लोखंडी ट्रंकेतून एक काळं जाडजूड पेन काढून आणलं. 1985 साली पहिल्या पगारात घेतलेलं. एबोनाइटचं, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून कडक केलेलं. कारखान्याच्या खतावण्या त्यानंच लिहिल्या, असं सांगताना बाबांचा आवाज बदलला होता. “मग 2003 मध्ये कॉम्प्युटर आले. मी पंचेचाळिशीकडे आलेलो. पोरांकडून शिकलो टायपिंग. पेन तेव्हा ठेवून दिलं ते दिलंच.” थोडं थांबून म्हणाले, “हात रिकामा झाल्यासारखा वाटायचा सुरुवातीला.”

मासिक बंद पडलं तेव्हा मला नेमकं हेच वाटलं होतं. पण ते त्यांना सांगायचं धाडस त्या रात्री काही झालं नाही.

वीस पेनं, एक नियम

बाबांचं पेन दोन दिवस साध्या पाण्यात भिजत ठेवलं. पाणी आधी काळं, मग निळं, मग फिकं झालं आणि तिसऱ्या दिवशी पेन चक्क चालू! तिथून माझं वेड सुरू झालं. आज माझ्याकडे वीस पेनं आहेत. नियम एकच, पाचशे रुपयांच्या वर जायचं नाही. (फ्रीलान्सरचं मानधन कधी येतं हे तुम्हाला माहीत असेल, तर नियमाचं कारण विचारू नका.)

या बजेटमध्ये सॉलिड माल मिळतो! मुंबईच्या एअरमेल कंपनीची ड्रॉपरनं शाई भरायची पेनं आहेत. चीनचं ‘हीरो 616’ आहे, 1941 च्या गाजलेल्या ‘पार्कर 51’ सारखं दिसणारं, निब टोपीखाली लपवणारं. आमच्या आधीच्या पिढीत दहावी पास झाल्यावर काकानं ‘हीरो’ भेट दिलं नाही, असं घर सापडणं कठीण. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांचं हाती बनवलेलं पेन मात्र अजून माझ्या बजेटात बसलेलं नाही. संपूर्ण स्वदेशी पेन हवं या गांधीजींच्या आग्रहातून ते घडलं, आणि 1935 मध्ये गांधीजींनी ते वापरून आभाराचं पत्र पाठवलं. ते पेन मी कधीतरी घेणार आहे. बाबांसाठी.

आणि शाई? ती तर आपल्याच माणसांची. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या आणि वड्या बनवायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन झाली आणि ‘कॅमल’ शाईची बाटली घरोघरी पोचली. 2011 मध्ये जपानच्या कोकुयोनं कंपनीचा मोठा हिस्सा घेतला, पण बाबांच्या लेखी अजून ती ‘दांडेकरांची शाई’च आहे.

माझी मैत्रीण उद्यमनगरात तिच्या भावाचं वर्कशॉप सांभाळते. माझा डबा बघून ती म्हणाली, “नाद खुळा हाय तुझा! वीस पेनं घेऊन काय करतीस? मी तर फोनवर बोलूनच लिहितो सगळं.” (कोल्हापूरच्या बायका ‘मी लिहितो’ म्हणतात, हे बाहेरच्यांनी टायपिंगची चूक समजू नये.) मी तिला एक पेन देऊन दोन ओळी लिहायला लावल्या. तिनं आख्खं पान लिहिलं आणि पेन पर्समध्ये टाकून निघून गेली. म्हणून वीस. नाहीतर एकवीस होती.

तुम्हालाही ट्राय करायचंय? बाबांचे चार नियम देते. पेन आठ-दहा दिवस वापरणार नसाल तर धुवून ठेवा. चित्रकलेची वॉटरप्रूफ इंडिया इंक पेनात अजिबात भरू नका, ती आत वाळली की पेन कायमचं चोंदतं. आपलं पेन दुसऱ्याला देताना टोपण आपल्या हातात ठेवा, म्हणजे पेन परत येतं. (मैत्रिणीच्या वेळी मी हेच विसरले.) आणि चौथा नियम मला बँकेत कळला.

नवी सही

रोज एक पान लिहून चार महिने झाले, तेव्हा मी बँकेत नवीन सहीचा नमुना द्यायला निघाले. बाबा म्हणाले, “मीपण येतो.” फॉर्मवर सही करायला मी ऐटीत माझं निळं पेन काढलं. बाबांनी हात आडवा धरला.

“ही धुतली जाणारी शाई आहे. पाण्याचं बोट लागलं तर सही गेली. बँकेच्या कागदावर नेहमी पक्की काळी शाई.” आणि खिशातून स्वतःचं काळं पेन काढून माझ्या हातात दिलं. टोपण अर्थातच स्वतःकडे ठेवून.

मी सही केली. फर्स्ट इयरसारखी टपोरी नाही आली. ईसीजीसारखीही नाही. शेवटच्या अक्षराची शेपूट मात्र बाबांच्या अक्षरासारखी वळली. मॅडम म्हणाल्या, “आता हीच ठेवा हं.”

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी उशिरा उठले. रात्री एक लेख पूर्ण करत जागले होते. देवघरासमोर बाबांनी पाट मांडला होता. खंडेनवमीला आपापली हत्यारं पुजायची, उद्यमनगरात लेथला हार चढतो, तसं आमच्या घरी दरवर्षी आईची विळी, बाबांचा पान्यांचा डबा आणि स्कूटरची किल्ली. या वर्षी बाबांचं काळं पेनही होतं. आणि त्याच्या शेजारी माझं साठ रुपयांचं निळं पेन आणि माझा बंद लॅपटॉप. तिन्हींवर हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल.

मी काही बोलले नाही. बाबाही बोलले नाहीत. तेवढ्यात शेजारचे काका प्रसादाला आले, पाटाकडे बघून म्हणाले, “लॅपटॉपपण पुजलाय होय यंदा?”

“तर!” बाबा म्हणाले. “पोरगीचं काम आहे ते. लिहिते ती.”

लॅपटॉपच्या फटीत थोडं कुंकू गेलंय. ‘एंटर’चं बटण अजून जरा अडकतं. मी ते साफ केलेलं नाही.