तळ्याकाठचे ३५३ खांब

सिडनीला लेकीकडे जाऊन आल्यापासून भेटेल ती बाई विचारते, "मग, काय काय पाहिलं?" मी समुद्रावरचा मोठा पूल सांगते, ऑपेरा हाऊस सांगते, कांगारू सांगते. ऐकणाऱ्या खूश होतात. परंतु जे पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही, ते अजून कोणाला नीट सांगितलेले नाही. आज ते वाचक भगिनींपुढे ठेवते.

एप्रिल महिना होता. आपल्याकडे उन्हाचा तडाखा आणि तिकडे पानगळ. जावयांनी दोन दिवसांची सुट्टी काढली आणि आम्ही मोटारीने कॅनबेराला निघालो. सिडनीपासून तीन तासांचा रस्ता. कॅनबेरा ही देशाची राजधानी. पण आपल्या दिल्लीसारखी गर्दी नाही की गोंगाट नाही. शहर आधी कागदावर आखले आणि मग बांधले. मधोमध मोठे तळे आहे, तेही नदी अडवून केलेले. शहराचा आराखडा करणाऱ्या बर्ली ग्रिफिन यांचे नाव त्याला दिले आहे.

तळ्याकाठी वेस्टन पार्क नावाची बाग आहे. तिथे मुलांसाठी छोटी आगगाडी आहे, म्हणून नातीने आम्हाला तिकडे ओढले. गवतावर कांगारू चरत होते. थोडे पुढे गेलो तर गवतात रंगीत लाकडी खांब रोवलेले दिसले. एक, दोन, दहा, पन्नास... ओळ उतारावरून तळ्याच्या काठाकडे जात होती. प्रत्येक खांबाचे चित्र निराळे. कुठे फुले, कुठे पक्षी, कुठे लाटा. मला वाटले, शाळेच्या मुलांचा काही कार्यक्रम असावा. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे, त्यामुळे मुलांच्या हातचा रंग मला लांबून ओळखू येतो.

तो अंदाज बराचसा खरा होता. देशभरच्या शाळांनी, चर्चनी आणि गावोगावच्या गटांनी हे खांब रंगवून पाठवले होते. पण कार्यक्रम आनंदाचा नव्हता. लेकीने वाचून सांगितले तेव्हा मी तिथेच गवतावर बसले.

१९ ऑक्टोबर २००१ रोजी इंडोनेशियाहून निघालेली एक बोट समुद्रात बुडाली. बोट जेमतेम साडेएकोणीस मीटर लांब आणि तिच्यात चारशेहून अधिक माणसे कोंबलेली. बहुतेक इराक आणि अफगाणिस्तानातून जीव घेऊन पळालेली. त्यांना ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर पोहोचून आश्रय मागायचा होता. ३५३ जण बुडाले. त्यांत १४६ मुले, १४२ बायका आणि ६५ पुरुष. जे थोडे वाचले, ते जवळजवळ एक दिवस फळकुटांना धरून तरंगत राहिले, तेव्हा कोळ्यांच्या होड्यांनी त्यांना उचलले. बोटीचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. सरकारी पद्धतीच्या खुणेवरून तिला 'सिव्ह एक्स' म्हणू लागले.

बुडालेल्या प्रत्येकासाठी एक खांब. मोठ्यांचा मोठा, मुलांचा लहान. एके ठिकाणी खांब असे उभे केले आहेत की त्यांतून त्या बोटीचा खराखुरा आकार उमटतो. आम्ही चौघे त्या आकाराच्या आत उभे राहिलो. आपल्या गावाकडच्या लग्नाच्या मांडवाएवढीही जागा नाही. तिच्यात चारशे माणसे!

ही कल्पना मूळची एका शाळकरी मुलाची. २००६ मध्ये खांब कायमचे उभारायला परवानगी मिळाली नव्हती, तेव्हा शेकडो लोकांनी एका दिवसापुरते ते हातांनी धरून उभे केले. पुढच्या वर्षी ते जमिनीत रोवले गेले.

बाकावर बसून डबा उघडला तेव्हा जावई म्हणाले, "आई, वाईट झालं हे खरं. पण एक सांगू? आम्ही इथं यायला किती वर्षं कागदं केली, परीक्षा दिल्या, पैसे भरले. ही माणसं दलालाला पैसे देऊन थेट बोटीनं येतात. रांग मोडतात. मग रांगेत उभं राहणाऱ्यानं काय करायचं?"

त्यांचे बोलणे मला लगेच खोडता आले नाही. रेशनच्या आणि रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेली बाई मी. मध्ये घुसणाऱ्याचा राग मलाही येतो. शिवाय हे एकट्या जावयांचे मत नाही. त्या देशात गेली पंचवीस वर्षे यावरूनच निवडणुका गाजत आल्या आहेत.

बोटींची गोष्ट तशी जुनी. १९७६ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनामचे पाच तरुण एका होडीतून डार्विन बंदराला लागले. त्यांच्या मागून काही वर्षांत सुमारे दोन हजार माणसे बोटींनी आली, आणि छावण्यांतून हजारोंना सरकारने स्वतः विमानाने आणले. त्या घरांतली मुले आज तिथे डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत. पुढे हवा बदलली. १९९२ मध्ये विनापरवाना येणाऱ्याला डांबून ठेवण्याचा कायदा झाला. ऑगस्ट २००१ मध्ये 'टाम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून ४३३ आश्रयार्थींना वाचवले, तर सरकारने त्यांना ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर उतरू दिले नाही. जहाजावर सैनिक चढवले. त्यातल्या बहुतेकांना नाउरू या चिमुकल्या बेटावर नेले. ऑक्टोबरात मंत्र्यांनी सांगितले की बोटीवरच्या लोकांनी आपली मुले समुद्रात फेकली. नोव्हेंबरात सरकार पुन्हा निवडून आले. मुले फेकलीच नव्हती, हे सेनेटच्या चौकशीत २००२ मध्ये पुढे आले. सिव्ह एक्स बुडाली ती याच दोन महिन्यांच्या मध्ये.

मग एवढ्या बायका आणि मुले त्या बोटीत का होती? हे मी लेकीला विचारले. तिने जे सांगितले, त्याने रांगेचा माझा हिशेब चुकला.

त्यांतल्या कित्येकींचे नवरे आधीच ऑस्ट्रेलियात पोहोचलेले होते. हे खरेच निर्वासित आहेत, असे सरकारने मान्यही केले होते. पण १९९९ पासून बोटीने आलेल्याला तात्पुरता परवाना मिळत असे, आणि त्या परवान्यावर बायकोमुलांना बोलावून घेता येत नसे. अर्ज करण्याची सोयच नव्हती. म्हणून त्या बायका मुलांना घेऊन बोटीत बसल्या. एका आईच्या तीन मुली बुडाल्या, ती वाचली. तिचा नवरा सिडनीत होता. तो तिला भेटायला इंडोनेशियाला गेला असता, तर त्याला परत येऊ दिले नसते.

मी जावयांना म्हटले, "तुम्ही आधी आलात. माझी लेक आठ महिन्यांनी आली. ती कशी आली?"

"माझ्या व्हिसावर. बायको म्हणून नाव लागलं होतं."

"त्यांच्या कागदावर बायकोचं नाव लावायची जागाच नव्हती. रांग लागायला आधी खिडकी तर उघडी पाहिजे ना?"

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "पण आई, बोटी अडवल्या म्हणून तर माणसं बुडायची थांबली."

हीही गोष्ट खोटी नाही, आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. बोटी पुन्हा वाढल्या तेव्हा २००८ ते २०१३ या काळात हजारावर माणसे त्या वाटेवर बुडाली. डिसेंबर २०१० मध्ये ख्रिसमस बेटाच्या खडकांवर एक बोट आपटून सुमारे पन्नास जण गेले, आणि काठावरच्या लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले. २०१३ पासून नौदलाने बोटी परत फिरवायला सुरुवात केली. बोटी जवळजवळ थांबल्या, त्यासोबत बुडणेही थांबले. दोन्ही मोठे पक्ष आज हेच धोरण धरून आहेत.

पण त्याची किंमत कोणी भरली? नाउरू आणि मानुस या बेटांवर माणसे वर्षानुवर्षे पडून राहिली. कुणी आपण होऊन जीव दिला. बेहरूझ बुचानी या कुर्द पत्रकाराने मानुसवरून मोबाईलवर तुकड्या-तुकड्याने लिहून पाठवलेल्या पुस्तकाला २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातलेच मोठे बक्षीस मिळाले, पण ते घ्यायला त्याला तिथे जाता आले नाही. मानुसची कोठडी बेकायदा आहे, असे पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितले होते. आणि परत फिरवलेल्या बोटीतल्या माणसाचे पुढे काय झाले, हे कोण मोजतो? आपल्या दारात बुडाला नाही, एवढेच आपण जाणतो.

दुसऱ्याच्या देशाला नावे ठेवणे सोपे आहे. निर्वासितांचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार ऑस्ट्रेलियाने स्वीकारलेला आहे. आपल्या देशाने त्यावर अजून सही केलेली नाही. तरी १९८३ नंतर श्रीलंकेतून होड्यांनी आलेल्या तमिळ माणसांना तामिळनाडूने छावण्यांत जागा दिली. रामेश्वरच्या अलीकडे मंडपमला अशी मोठी छावणी आहे. तिथे आसरा मिळाला, पण कित्येकांचा जन्म छावणीत गेला, मुलांची लग्ने छावणीत झाली, तरी नागरिकत्व नाही. आसरा देणे आणि आपले म्हणणे यांत किती अंतर असते, ते आपल्याकडेही पाहायला मिळते.

निघताना नात एका लहान खांबाशी जाऊन उभी राहिली आणि आपली उंची त्याच्याशी मापू लागली. माझ्या मनात आपोआप हजेरी सुरू झाली. १४६ मुले म्हणजे आमच्या शाळेचे तीन वर्ग भरून वर थोडी. पण हजेरी घ्यायला नावे लागतात. बुडालेल्या सगळ्यांची नावे आजही जगासमोर नाहीत.

परतीच्या वाटेवर जावई फारसे बोलले नाहीत. अर्ध्या रस्त्यात चहाला थांबलो तेव्हा एवढेच म्हणाले, "आई, त्या माणसाला बायकोकडे जाऊन परत येऊ द्यायला काय हरकत होती?"

भगिनींनो, कोणाची लेक, कोणाचा मुलगा तिकडे असेल तर जरूर जा. पूल पाहा, समुद्र पाहा. एक दिवस कॅनबेरासाठी ठेवा, आणि तळ्याकाठी जाताना मुलांना बरोबर न्या. प्रश्न तीच विचारतात.