मान सरळ हवी

बहिणीने शिवणकामातून साठवलेले पैसे माझ्या हाती दिले. भाच्याला विजेवरची गिटार हवी होती. गुलमंडीजवळच्या दुकानात त्याची नजर एका लालभडक गिटारीवर खिळली. माझी पारख तंबोऱ्याची! मिरजेचा तंबोरा कारागिराच्या हातून सुटला, की पुरा झाला. इथे तसे नाही. अमेरिकेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास मान स्क्रूंनी धडाला जोडली. खुंट्या, तारांचे कंपन टिपणारी चुंबके, रंगसुद्धा पुढे बदलता येतो. तेव्हा स्वस्तात पाहायचे ते लाकूड. एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. लाल गिटारीची मान पिळलेली. शेजारच्या मळकट पांढरीची सरळ. भाचा हिरमुसला. मी पांढरीच घेतली. परवा तो घरी आला, तर नखांत लाल रंग!