सहावा वर्ग, सातवा वर्ग

फ्रेंच येतं म्हणून पुण्यातल्या एका ओळखीच्यांनी एका छोट्या फ्रेंच कंपनीचे हिशेब इंग्रजीत करायला दिले. कादंबरीपेक्षा हे बरं, निम्मे तर आकडेच, असं म्हणून मी हो म्हटलं.

फॉर्म 2050 मालमत्तेचा, 2051 समोरच्या बाजूचा, पुढचे दोन नफा-तोट्याचे. 2051चं नाव 'पासिफ'. शब्दकोश म्हणतो, लायबिलिटीज. पण त्यात पहिलीच ओळ भागभांडवलाची! ते देणं कसं? सी.ए. असलेल्या आतेभावाला फोन लावला. दादा हसला. "अगं, टॅलीत लायबिलिटीजखाली सगळ्यात वर काय दिसतं? कॅपिटलच ना? मालक वेगळा, धंदा वेगळा." इंग्रजी वाचकासाठी मात्र 'इक्विटी अँड लायबिलिटीज' लिही, म्हणाला.

मग त्याने विचारलं, "तेरीज आलीय का सोबत?" आली होती, सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी, तीन-तीन आकडी क्रमांकांनी भरलेली. मी ती बाजूला ठेवून दिली होती. खरी किल्ली तीच निघाली. फ्रान्समध्ये खात्यांचे क्रमांकच सरकारी आराखड्याने ठरवून दिलेले आहेत. पहिला अंक म्हणजे वर्ग: पहिल्या वर्गात भांडवल, सहाव्यात खर्च, सातव्यात उत्पन्न. 411 म्हणजे गिऱ्हाइकांकडची येणी, मग कंपनी लिलची असो की मार्सेयची. शब्द अडला की क्रमांक बघायचा. शब्दकोशाने इतकं कधी दिलं नव्हतं.

तरी मालाच्या साठ्याने घाम फोडला. समजा, साठा 80 हजार युरोंवरून 95 हजारांवर गेला. विकत आणून विकायचा माल असेल तर हा फरक सहाव्या वर्गात, खर्चाच्या बाजूला, वजा 15 हजार. स्वतः बनवलेला पक्का माल असेल तर तोच फरक सातव्या वर्गात, उत्पन्नात, अधिक 15 हजार. या कंपनीत दोन्ही होते. एकाच वाढीला एकीकडे उणे, दुसरीकडे अधिक. टायपिंगची चूक समजून मी बराच वेळ कॅल्क्युलेटर बडवत बसले. आपल्याकडे कंपन्यांच्या पत्रकात हे दोन्ही फरक खर्चाखाली एकाच ओळीत येतात, हे दादाने नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर!

सगळं पाठवल्यावर उत्तर आलं: छान, पण 'कॉस्ट ऑफ सेल्स' आणि ग्रॉस प्रॉफिट कुठे आहे? कुठेच नाही. फ्रेंच पत्रक खर्च कशावर झाला ते सांगतं, कोणत्या कामासाठी झाला ते नाही. कारखान्यातल्या कामगाराचा पगार आणि ऑफिसातल्या कारकुनाचा पगार एकाच ओळीत. तो वेगळा काढायचा तर कंपनीची आतली वह्या-पुस्तकं लागणार, आणि ते काम भाषांतरकाराचं नव्हे. मी तसं कळवलं, मांडणी फ्रेंचच ठेवली आणि प्रत्येक ओळीपुढे खाते क्रमांक टाकून दिले.