ओटा कोणाच्या मापाचा ?

नवें घर बांधतांना दिवाणखान्याच्या रंगाविषयीं जितका खल होतो, तितका स्वयंपाकघरांतील ओट्याविषयीं होत नाहीं. वास्तविक दिवसांतून दोन वेळां सबंध कुटुंबाचें अन्न ज्यावर सिद्ध होतें, त्या ओट्याचा विचार आधीं व्हावयास हवा. हल्लीं मापाप्रमाणें साचा करून काँक्रिटचा ओटा ओतून घेण्याची हौस कांहीं घरांतून दिसते. ती पुरविण्यापूर्वीं चार गोष्टी ध्यानांत घ्याव्या, असें आम्हांस वाटतें.

ओतीव ओट्यास सांधे कमी. कडेला गोलाई, मोरीकडे उतार, सर्व कांहीं मनाजोगें साधतें. परंतु माप घ्यावयाचें तें केवळ भिंतींचें नव्हे, राबणाऱ्या माणसांचेंहि. हात कोपरांत वाकवून उभें राहावें. कोपराच्या खालीं सुमारें ४ ते ६ इंचांवर ओटा आला, तर पाठ व खांदे अवघडत नाहींत. कणीक मळावयास याहूनहि किंचित् खालची जागा बरी. सासूबाई ठेंगण्या व सूनबाई उंच, असें एकत्र कुटुंबांत असावयाचेंच. तेथें सबंध ओटा एकाच उंचीचा करणें म्हणजे दोघींपैकीं एकीला रोजची शिक्षा. साचा करावयाचाच आहे, तर त्याचे दोन टप्पे कां करूं नयेत ?

वजनाचाहि विचार हवा. १० फूट लांब, २ फूट रुंद व २ इंच जाड असा काँक्रिटचा ओटा सुमारें २२५ किलो भरतो. तेव्हां खालचा आधार भक्कम पाहिजे. शिवाय सिमेंट वाळून घट्ट होतें, ही समजूत बरोबर नव्हे. पाण्याशीं रासायनिक संयोग होऊन तें घट्ट होतें. म्हणून पहिले निदान ७ दिवस तें ओलें राखावें लागतें, आणि त्याचें बळ २८ दिवसांनीं मोजण्याचा प्रघात आहे. वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला, म्हणून येथें घाई चालत नाहीं.

आतां निगा. सिमेंटांत चुन्याचा अंश असतो, आणि चुन्याचें व आम्लाचें कधींच पटत नाहीं. आपल्या स्वयंपाकांत तर चिंच, आमसूल, लिंबू, ताक नित्याचेंच ! आम्लानें पडलेला पांढुरका डाग घासून जात नाहीं. कारण तो डाग नसून झीज असते. सीलरचा हात दिल्यानें हा धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. ओट्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा न राहतां आंत मुरून जागा काळवंडली, कीं नवा हात द्यावयाची वेळ झाली. तापलेला कुकर लाकडी फळीवर ठेवावा, आणि ओटा सौम्य साबणाच्या पाण्यानें पुसावा. खरखरीत घासणी लावूं नये. कडाप्पा हाहि चुनखडीचाच दगड असल्यानें त्यासहि आम्ल बाधतें. ग्रॅनाइट याबाबतींत पुष्कळ सोशिक.

सांडलेलें तत्काळ पुसण्याची शिस्त ज्या घरांत नाहीं, तेथें ग्रॅनाइटच बरा. शोभा सर्वांनीं मिरवावी आणि पुसणें मात्र एकीनेंच करावें, ही वांटणी आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. काँक्रिटची हौस ज्यास असेल, त्यानें ओट्याबरोबर फडक्याचाहि वांटा उचलावा.