गोड मराठी आणि गोपनीय अहवाल

साहेब तापट असला तर त्याच्याबरोबर दिवस काढता येतात. तो ओरडतो, फाईल टेबलावर आपटतो आणि दुपारी चहा मागवून आपल्यालाही अर्धा देतो. कठीण जातो तो हसतमुख साहेब. तो तुम्हाला कधीच रागावत नाही, फक्त बोलता बोलता एक पायरी खाली बसवतो. तक्रार करायला जावे तर सांगणार काय? साहेब हसले म्हणून?

असा साहेब मला २००३ ते २००५ अशी दोन वर्षे लाभला. मी तेव्हा पणजीत केंद्र सरकारच्या एका कचेरीत होतो. साहेब महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरातून बदलून आलेले. कामाला चोख, वाचन दांडगे आणि इंग्रजी मसुदा लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी एका मूर्ख माणसाबद्दल लिहितो आहे.

त्यांना माझे मराठी 'गोड' वाटे. मी पडलो फोंड्याकडचा. आमच्याकडे घरात कोंकणी आणि देवळात, कीर्तनात, जत्रेच्या नाटकात मराठी. त्यामुळे आमच्या मराठीला थोडा कोंकणीचा वास आणि थोडा रंगमंचाचा थाट असतो. मी "साहेब, जेवलात काय?" विचारले की ते दिवसभर प्रत्येक वाक्याला 'काय' लावून बोलत. चवथीसाठी रजेचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा सगळ्या सेक्शनसमोर म्हणाले, "चवथ? मग पाचव कधी असते रे?" सगळे हसले. मीही हसलो, न हसून करणार काय? गणेश चतुर्थीला गोव्यातली लहान पोरेसुद्धा चवथच म्हणतात, हे त्यांना कोणी सांगायचे?

दुसरी गोष्ट त्या 'रे'ची. ते मला 'तू' म्हणत. सुरुवातीला मला त्यात काही वाटले नाही, कारण आमच्या कोंकणीत 'तूं' सहज तोंडात येते, त्यात आपलेपणाच जास्त असतो. पण मुंबईहून बदलून आलेला, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असलेला सहकारी त्यांच्या तोंडी 'अहो' होता. तेव्हा माझे वय त्रेचाळीस. मराठीतला 'तू' आणि कोंकणीतला 'तूं' यांच्यात एका अनुस्वाराचे नव्हे तर बरेच मोठे अंतर आहे, हे मला त्या कचेरीत कळले.

तिसरा शब्द 'सुशेगाद'. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ निवांत, शांत. बाहेरच्या माणसाने तो उच्चारला की त्याचा अर्थ आळशी होतो. एखादी फाईल दोन दिवस राहिली की साहेब म्हणत, "असू दे रे, तुम्ही सुशेगाद माणसं." ती फाईल त्यांच्याच टेबलावर राहिलेली असली तरीही.

आमच्या सेक्शनला एक जुने हेडक्लार्क होते, सगळे त्यांना नुसते 'बाब' म्हणत. मी एकदा चिडून त्यांना म्हणालो, "साहेबांना सांगतोच आता की थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली आमच्या राशोलला छापले. एका इंग्रज पाद्र्याने इथे मराठी शिकून ओव्या लिहिल्या, आणि हे मला मराठी शिकवतात!" बाब पान लावत होते. म्हणाले, "सांग. ते म्हणतील, वा, किती गोड!" आणि पुढे म्हणाले, "ओव्या राहू दे. तू केलेल्या प्रत्येक मसुद्याची एक प्रत तारीख घालून आपल्याकडे ठेव."

बाबांचे ऐकले. पण त्याआधी एकदा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून, बोललोही. म्हटले, "साहेब, कामात चूक असेल तर जरूर सांगा, सगळ्यांसमोर सांगितलेत तरी चालेल. भाषेवरून आणि गावावरून नको." ते खरोखरच चकित झाले. "अरे, मी गंमत करतो! मनाला लावून घेतोस?" पंधरा दिवस बरे गेले. नंतर नवे वाक्य सुरू झाले, "यांच्याशी गंमत नको हं, यांना चालत नाही." म्हणजे आता मी गोडही आणि हळवाही.

त्यातल्या त्यात एक उपाय लागू पडला. ते "किती गोड लिहिलंयस" म्हणाले की मी शांतपणे विचारायचो, "म्हणजे कुठला परिच्छेद बदलू, साहेब?" दरवेळी तेच. चेष्टेला चेष्टेने उत्तर दिले तर तिला ऊत येतो, कामाचा प्रश्न विचारला तर ती थंडावते. पुढे पुढे ते परिच्छेद दाखवू लागले, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या दुरुस्त्यांतून मी इंग्रजी मसुदा शिकलो. २००५ मध्ये त्यांची बदली झाली. निरोप समारंभात त्यांनी माझे कौतुक केले. कुठल्या शब्दात ते तुम्ही ओळखले असेलच.

इथे हे संपले असते तर लिहायला बसलो नसतो. २००७ मध्ये विभागीय पदोन्नती समिती बसली आणि माझ्या मागचे दोघे पुढे गेले. का, ते कोणी सांगेना. त्या काळात वार्षिक गोपनीय अहवाल नावाप्रमाणेच गोपनीय असे. प्रतिकूल शेरा असला तरच तो कर्मचाऱ्याला कळवत. आता यातली खुबी बघा. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो कळवायचा नाही. पण ज्या बढतीसाठी 'फार चांगला' लागे, तिथे त्याच 'चांगल्या'ने माणूस कापला जाई.

नेमक्या अशाच प्रकरणात, देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये निकाल दिला की प्रत्येक शेरा, अगदी 'चांगला'सुद्धा, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. ते गृहस्थ सीमा रस्त्यांच्या सेवेत अभियंता होते आणि एका वर्षाच्या एका 'चांगल्या'ने त्यांची बढती अडली होती. मग मे २००९ मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने पूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला. एप्रिल २०१० च्या आदेशाने जुने, बढतीच्या निकषाखालचे अहवालही पुढच्या समितीआधी दाखवायचे ठरले. हरकत घ्यायला मुदत पंधरा दिवस.

माझ्या हातात दोन वर्षांच्या प्रती आल्या. दोन्हींत 'चांगला'. शेरा इंग्रजीत, अर्थ असा : प्रामाणिक, मृदुभाषी, समाधानी वृत्तीचे, स्वतःहून पुढाकार घेत नाहीत. मी तो तीनदा वाचला. त्यात शिवी नव्हती, खोटा आरोपही नव्हता. 'मृदुभाषी' म्हणजे गोड आणि 'समाधानी' म्हणजे सुशेगाद. दोन वर्षे सेक्शनमध्ये चाललेली गंमत सरकारी इंग्रजीत उतरून सही-शिक्क्यासह बसली होती. साहेबांनी दुष्टपणाने लिहिले असे मला आजही वाटत नाही. ते माझ्याबद्दल जे रोज बोलत होते, त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला होता.

बाब तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांच्या सांगण्यावरून ठेवलेल्या प्रती मात्र होत्या. मी स्वतःहून मांडलेले प्रस्ताव, तारखा, त्यांवर साहेबांचीच 'मान्य' अशी सही. हरकतीच्या अर्जाला अकरा पाने जोडली. भाषेचा, गावाचा, चेष्टेचा एक शब्दही त्यात लिहिला नाही. बायको म्हणाली, "लिहा की सगळे!" पण जे सिद्ध करता येत नाही ते लिहून जे सिद्ध होते तेही पातळ होते.

एका वर्षाचा शेरा 'फार चांगला' झाला, दुसऱ्याचा तसाच राहिला. बढती २०११ मध्ये मिळाली. मधली चार वर्षे आणि ज्येष्ठता परत आली नाही.

पुढे मलाच दुसऱ्यांचे अहवाल लिहावे लागले. तोवर एक ते दहा गुण देण्याची पद्धत आली होती. सेक्शनमध्ये उत्तर कर्नाटकातला एक मुलगा आला. त्याच्या कोंकणीवर आमची माणसे हसत, पाठीमागे त्याला 'घाटी' म्हणत, कधी तोंडावरही. आम्ही गोंयकार या बाबतीत कोणाच्या मागे नाही. मी एकदा सगळ्यांसमोर विचारले, "त्याच्या फाईलीत काय चुकले ते सांगा." कोणी काही सांगितले नाही. मार्चअखेर त्याच्या अहवालात पुढाकाराच्या रकान्यात मी आठ लिहिले आणि शेऱ्यात कुठल्या फाईली त्याने स्वतःहून मांडल्या होत्या, त्यांचे क्रमांक तारखांसह घातले.