सौम्य थंडीची बेगमी

हुबळी-धारवाडात थंडीला कोणी संकट म्हणत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी आणखी थोडा उतरतो, आणि दहा वाजले की अंगातला स्वेटर नकोसा होतो. कडक थंडी म्हणजे बिदर-विजापूरकडची, असाच इथला समज आहे आणि तो खोटाही नाही. मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करायची तर हवामान खात्याच्या निकषांनुसार साधारणपणे किमान तापमान १० अंशांपर्यंत उतरावं लागतं आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असावं लागतं. धारवाड त्या रेषेच्या जवळ क्वचितच जातं. त्यामुळे तुटपुंज्या मिळकतीच्या घरातही पावसाळ्याची बेगमी होते, कौलं परतली जातात, ताडपत्री येते, जळण आत जातं; उन्हाळ्यासाठी पाण्याची पिंपं येतात. हिवाळ्याच्या नावाने मात्र घरखर्चात एक पैसा बाजूला पडत नाही. मला वाटतं, गफलत नेमकी इथेच होते. ज्या थंडीला कोणी थंडी मानत नाही ती या गावांत जास्त माणसं आजारी पाडते, आणि तिच्यासाठी करायची तयारी स्वेटर-रजईच्या दुकानात सुरू होत नाही.

हा निव्वळ अंदाज नाही. टोरांटोतले संशोधक प्रभात झा यांच्या गटाने भारतातल्या २००१ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी रोजच्या तापमानाशी ताडून पाहिल्या. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र थंडीची रेषा १३.८ अंशांवर धरली होती. तिच्या वरच्या, म्हणजे मध्यम थंडीच्या टप्प्यात जे मृत्यू येतात ते तीव्र थंडी किंवा तीव्र उष्म्याच्या मृत्यूंपेक्षा कित्येक पट जास्त निघाले. २०१५ या एका वर्षात ३० ते ६९ वयाच्या माणसांचे पक्षाघात, हृदयविकार आणि श्वसनाचे आजार मिळून सुमारे १ लाख ९७ हजार मृत्यू या टप्प्याच्या खाती पडतात, असा त्यांचा हिशेब आहे. यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. त्यांची ‘मध्यम थंडी’ पार ३० अंशांच्या आसपास जाऊन संपते; ज्या दिवशी आपण पंखा लावतो तो दिवसही तिच्यात मोजला गेला आहे. शिवाय असे दिवस वर्षात सर्वांत जास्त, म्हणून आकडा फुगणारच. आक्षेप मान्य, आणि अशा हिशेबात चुकीची शक्यताही मोठी असते. तरी दोन गोष्टी शिल्लक राहतात. पारा खाली सरकतो तसा रक्तवाहिन्या आकसण्याचा आणि रक्तदाब चढण्याचा परिणाम वाढत जातो, तो १३.८ अंशांची वाट पाहत थांबत नाही. आणि दिवस जास्त आहेत हेच तर दुखणं आहे. लाट आठवड्यात ओसरते, तिची बातमी होते, लोक सावध होतात. धारवाडची पहाट दोन-अडीच महिने तशीच येत राहते आणि कोणी सावध होत नाही.

पुन्हा, वेधशाळेचा पारा आणि घरातला पारा एक नसतो. मातीच्या भिंतींचं, माळवदाचं घर दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवतं. नवलगुंदाकडच्या काळ्या मातीच्या मुलखात अशी घरं अजून दिसतात. स्लॅबचं घरही बरं. पण शहराच्या कडेला भाड्याच्या खोल्यांवर पत्रा असतो. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतो. म्हणून पहाटे त्याच्या आतल्या अंगाला दव धरून थेंब टपकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवेच्या दिवसांत घरात किमान १८ अंश तापमान असावं अशी शिफारस केली. बाहेर १५ असताना पत्र्याखालच्या खोलीत १८ कुठून येणार? युरोपात ज्याला गारठलेलं घर म्हणतील तसं घर आपल्याकडे ‘हवा छान आहे’ असं म्हणत पहाटे चार ते आठ काढतं. त्याच घरातली माणसं साडेपाचला झाडूकामाला, दुधाला किंवा अमरगोळच्या बाजार आवारात हमालीला निघतात, आणि हृदयविकाराचे झटके पहाटेपासून दुपारपर्यंतच्या वेळात अधिक येतात हे डॉक्टर फार दिवसांपासून सांगत आले आहेत.

मग हातात मोजके पैसे असतील तर पहिला रुपया कुठे जावा? माझं उत्तर: रक्तदाबाच्या गोळीवर. महिनाअखेरीला पाकीट संपतं, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पुढचं पाकीट पगारापर्यंत लांबतं, आणि हा खंड जून महिन्यात पडला तर जेवढा भोवेल त्याहून जानेवारीत जास्त भोवतो. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, ती त्यात भर. तपासणीसाठी पैसे नाहीत ही सबब या शहरात तरी पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. राज्यातल्या ‘नम्म क्लिनिक’ योजनेची सुरुवात डिसेंबर २०२२ मध्ये हुबळीतूनच झाली; तिथे तपासणी आणि नेहमीची औषधं मोफत मिळतात. तिथे गोळी संपलेली असेल तर जनऔषधीच्या दुकानात तीच गोळी बाहेरच्या नामांकित कंपनीच्या मानाने फार स्वस्त पडते. दम्याच्या माणसाचा पंप संपण्याआधी आणून ठेवणं याच खात्यातलं. हे फारच नीरस वाटेल, कबूल. संकटाची तयारी म्हटली की डोळ्यांपुढे कंदील, घोंगडी, शेगडी येते. पण घरातल्या धोक्यांनुसार तयारीची खरी उतरंड लावली तर शेगडी फार खाली जाते.

खाली कसली, ती धोक्यांच्याच यादीत येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावात तीन तरुण बंद खोलीत कोळसा पेटवून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. धारवाडपासून बेळगाव सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. थंडी साधारण तीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला ते जागं करत नाही. ऊब हवी तर ती पैसे न जाळता मिळण्याच्या वाटा आहेत: चटईखाली पोती किंवा पुठ्ठा, कारण फरशी अंगातली ऊब हवेपेक्षा वेगाने ओढते, जुन्या लुगड्यांची कौदी किंवा वाकळ, जी इथे घरोघर शिवली जाते, आणि म्हाताऱ्या माणसासाठी कानटोपी, पायमोजे. पत्र्याखाली चुलीपासून लांब कापडाचं छत बांधलं तर टपकणारं दवही अडतं.

विजेचा हिशेब जरा सविस्तर करण्याजोगा आहे, कारण राज्याच्या ‘गृहज्योती’ योजनेने तो बदलला. २०२३ पासून २०० युनिटांपर्यंत वीज फुकट, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. पण मोफत मिळते ती २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरावर साधारण १० टक्के वाढवून येते तेवढीच. त्यापुढची २०० पर्यंत पैसे भरून, आणि २०० ओलांडले की सगळंच बिल अंगावर. अंघोळीची २० लिटरची बादली विजेवर २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे दिवसाला जवळजवळ अडीच युनिट धरा, महिन्याला ७० ते ७५. ज्या घराची सरासरीच ५० होती त्याला वीज कंपनी हेस्कॉमचं बिल डिसेंबरात पहिल्यांदा दिसतं. पाणी तापवायची कॉइल बादलीत असताना पाण्यात हात घालून जीव गमावण्याची भीती ती वेगळीच. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्त्यांत पिंपं भरलेली असतातच; त्यातलं एक झाकणासह उन्हात सरकवून दुपारनंतर अंघोळ करता येते. कामावर जाणाऱ्याला ते जमणार नाही, पण घरातल्या म्हाताऱ्यांना आणि शाळेतून आलेल्या पोरांना जमतं, आणि पहाटेच्या गार पाण्याने अंघोळ टळणं हाच त्यांच्यासाठी मोठा लाभ.

अन्नाची गोष्ट या मुलखाने केव्हाच सोडवली आहे. ज्वारीची किंवा बाजरीची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, सोबत शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी. कमावता माणूस चार दिवस अंथरुणाला खिळला तरी चूल न पेटवता घर जेवतं.

आता सर्वांत अवघड आक्षेप. ज्याच्याकडे रोजचेच पैसे पुरत नाहीत त्याला बेगमी सांगणं हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे, असं कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, आणि पत्र्याचं छत बदलणं ही घराची नव्हे, घरकुल योजनांची जबाबदारी आहे हेही मी मानतो. सरकारच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे दोन हजार येतात ते किराणा आणि शाळेत जिरतात. म्हणूनच मी वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा आधीचा विचार लागतो. रात्री दोनला कुणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहायची नाही हे घरात सगळ्यांना माहीत असणं फुकट आहे. गुठळीने झालेल्या पक्षाघातावर गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. १०८ ला फोन, नाहीतर गल्लीतला रिक्षावाला कोण ते आधी ठरलेलं, आणि मेंदूचं स्कॅन होईल अशा ठिकाणी, म्हणजे हुबळीतल्या सरकारी किम्स (आताच्या केएमसीआरआय) रुग्णालयात, थेट जाणं. छातीत कळ आली तर तालुका रुग्णालयांत ‘पुनीत राजकुमार हृदयज्योती’ योजनेतून ईसीजी आणि इंजेक्शन मोफत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. पण ते कार्ड गावाकडच्या ट्रंकेत असेल तर रात्री दोनला काय उपयोग? कार्ड, आधार, जुन्या चिठ्ठ्या आणि रिक्षापुरते पाचशे रुपये एका पिशवीत घालून खुंटीला टांगा. आणि संक्रांतीची वाट न पाहता याच आठवड्यात घरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्या. स्वेटर त्यानंतर आणला तरी चालेल.